कुणी न पिकवलेली साखर

जगाला यंदा साखर पुरणार की नाही, हे सांगण्याचं काम ज्या ऑफिसात चालायचं, तिथे चहा मात्र बिनसाखरेचा मिळायचा. साहेबांना मधुमेह होता, आणि जे साहेबांना नको ते ऑफिसला नको, असा तिथला साधा कायदा होता.

त्या ऑफिसात एका बाईला सगळे मुंगी म्हणत. कोणत्या देशाच्या गोदामात किती साखर पडून आहे, कोणतं जहाज किती घेऊन निघालंय, हे हिला नुसत्या वासावरून कळतं, असं नोकरीच्या पहिल्याच वर्षी कुणीतरी म्हणालं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. चाळिशी उलटली, केसांत रुपेरी तारा दिसायला लागल्या, तरी ती मुंगीच. मुंगी होऊन साखर खावी म्हणतात. या मुंगीच्या वाट्याला खाणं कमी आणि मोजणं जास्त आलं. पण मोजायची मात्र जीव लावून, आणि आपल्यासारखं कुणी मोजत नाही असा तिला चांगलाच तोरा होता. त्या तोऱ्याचं काय झालं, तेच सांगतो.

ऑफिस दर तीन महिन्यांनी एक अंदाज काढायचं. ऊस आणि बीट मिळून जगभरात किती साखर होईल, लोक किती खातील, आणि शेवटी उरेल की कमी पडेल. उरेल म्हटलं की बाजार उतरायचा, कमी पडेल म्हटलं की चढायचा. अजून शेतात उभ्या असलेल्या उसाचा हिशेब मांडायचा, म्हणजे पाण्यात म्हैस आणि वर मोल. तरीही त्या एका आकड्यासाठी कारखानेवाले, जहाजवाले, बिस्किटवाले, सगळे कान टवकारून बसलेले असायचे. म्हणून अंदाज जाहीर व्हायच्या दिवशी सकाळी सगळ्यांचे फोन दारावरच्या रखवालदाराकडे एका पत्र्याच्या पेटीत जमा होत. दुपारी चारला आकडा जगापुढे गेला की पेटी उघडायची. तोवर बाहेर एक शब्द न्यायचा नाही. नेला तर नोकरी तर जायचीच, वर चौकशीचा ससेमिराही मागे लागायचा.

या तिमाहीचा मसुदा आठवडाभर आधीच तयार होता. वीस लाख टन साखर उरणार. भाव पडणार.

आणि हे मुंगीच्या धाकट्या भावाला सगळ्यांच्या आधी ठाऊक होतं.

भाऊ गोळ्या करायचा. लिंबाच्या, पेपरमिंटच्या, संत्र्याच्या फोडीसारख्या दिसणाऱ्या. बसथांब्यामागच्या गल्लीत त्याच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत गोळ्या, मागच्या खोलीत संसार. दोन्हीकडच्या भिंती सारख्याच चिकट. गल्ली त्याला गोळीवाला म्हणायची. यंदा पहिल्यांदाच त्याला एक मोठं काम मिळालं होतं. शहरभर दुकानं असलेल्या एका मालकाने वर्षभराच्या गोळ्या त्याच्याकडून घ्यायचं कबूल केलं होतं, पण एका अटीवर: दर वर्षभर बदलणार नाही. भावाने आनंदाच्या भरात सही ठोकली. साखर मात्र त्याच्याकडे महिनाभर पुरेल एवढीसुद्धा नव्हती.

त्यानंतरच्या रविवारी मुंगी त्याच्याकडे जेवायला गेली होती.

"ताई, साखरवाला म्हणतोय, वर्षभराची साखर आजच्या भावात बांधून देतो," भाऊ म्हणाला. "महिनाअखेरपर्यंत काय ते सांगा म्हणतोय. घेऊ?"

"छे! काय घाई आहे?" मुंगी म्हणाली. "साखर उतरणार आहे."

"नक्की?"

"अरे, यंदा जगात साखर ठेवायला जागा उरणार नाही. नवा वाण आलाय, उसातून साखरेचा उतारा बघ किती वाढलाय. तू डोळे मिटून थांब."

भावजय वाढता वाढता थबकली. "निम्मी तरी घेऊन ठेवू या का?"

"ताई सांगतेय ना," भाऊ म्हणाला, आणि विषय तिथेच मिटला.

एवढं बोलायचीसुद्धा तिला मुभा नव्हती. पण घरच्या ताटावर बसून कोण नियम पाळतो? शिवाय भावाचा चेहरा असा खुलला होता की मुंगीला दोन घास जास्तच गेले.

महिनाअखेर आली ती नेमकी अंदाज जाहीर व्हायच्याच दिवशी. साखरवाल्याची मुदत त्या संध्याकाळपर्यंत होती.

त्या सकाळी मुंगीने फोन पेटीत टाकला, बिनसाखरेच्या चहाचा एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि मसुद्यावर शेवटचा हात फिरवायला बसली. चुका अशा राहिल्या नव्हत्याच. कुठे स्वल्पविराम, कुठे एखादं शून्य. मग तिने उगाचच, खरंच उगाचच, एका मोठ्या देशाच्या साखरेला त्याच्या उसाने भागून पाहिलं. शंभर किलो उसामागे साडेबारा किलो साखर निघत होती.

तिने पुन्हा भागलं. पुन्हा तेच.

त्या देशात चांगल्यातल्या चांगल्या हंगामात उतारा साडेअकराच्या पुढे कधी गेला नव्हता. ऊस तोच, माती तीच, कारखाने तेच. ही वरची एक किलो साखर आली कुठून?

इथे थोडं थांबून सांगायला हवं. साखरेचे जगात दोन हिशेब असतात. एक पांढरीचा, दुसरा कच्चीचा. कच्ची म्हणजे मळी पुरती न निघालेली, तांबूस, म्हणून वजनाला जास्त. शंभर किलो पांढरी साखर कच्चीच्या हिशेबात जवळपास एकशे नऊ किलो भरते. ऑफिसचा सगळा कारभार कच्चीत चालायचा, त्यामुळे जे देश पांढरीचा आकडा पाठवत त्यांचा आकडा नऊ टक्क्यांनी फुगवून घ्यावा लागे. हे काम मुंगीचं. इतकी वर्षं करून ते तिच्या बोटांत बसलं होतं. डोकं त्यात यायचंच नाही.

ती उठून तात्यांच्या टेबलापाशी गेली. देशोदेशीचे आकडे पहिल्यांदा तात्यांच्या हाती पडायचे. निवृत्तीला आलेला, सगळ्यांना पोरं-पोरी म्हणणारा मायाळू माणूस.

"तात्या, हा आकडा तुम्ही मला दिलात, तो पांढरीचाच ना?"

तात्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "नाही गं. कच्चीचा. मीच करून दिला. तुझी लेक त्या आठवड्यात तापाने फणफणली होती ना, तू निम्म्या दिवसातून घरी पळायचीस. म्हटलं, पोरीचं एक काम तरी हलकं करावं."

मुंगीने हातातला कागद त्यांच्या टेबलावर ठेवला.

"मीपण केला, तात्या."

"काय केलंस?"

"कच्चीत. पुन्हा."

तात्यांना समजायला क्षणभर लागला. मग त्यांचा चेहरा असा उतरला की मुंगीलाच त्यांना पाणी आणून द्यावं लागलं. दोघांनी मिळून एकच साखर दोनदा फुगवली होती. देश मोठा, त्यामुळे फुगवटाही मोठा: तीस लाख टन. ती साखर कुणी पेरली नव्हती, कुणी तोडली नव्हती, कुठल्या गोदामात ती नव्हती की कुठल्या जहाजात. ती नुसती यांच्या कागदावर होती. वीस लाख टन उरणार नव्हतीच. दहा लाख टन कमी पडणार होती.

आकडा मोठा दिसला तेव्हा मुंगीला शंका आली नव्हती असं नाही. आली होती. पण शंका आल्यावर तिने आकडा तपासायच्या ऐवजी त्याचं कारण शोधलं. उसाचा नवा वाण, वेळेवर पडलेली थंडी, कारखान्यांतली नवी यंत्रं. अर्धं पान भरून सुरेख कारणं लिहिली होती, आणि साहेबांनी त्या अर्ध्या पानाचं भर बैठकीत कौतुक केलं होतं. हुशार माणसांची ही खोडच असते. साध्या चुकीलासुद्धा त्यांना झकास कारण सापडतं.

ती जागेवर येऊन बसली आणि तिच्या डोळ्यांसमोर साहेब आले नाहीत, जग आलं नाही. चिकट भिंतींची ती खोली आली. दुपारी चारला खरा आकडा गेला तर भाव उसळणार. साखरवाला आजचा भाव मागे घेणार. भावाच्या डोक्यावर वर्षभराचं काम, दर बांधलेला, आणि साखर मिळेल त्या भावात घ्यायची. दर गोळीमागे खोट. त्याचा धंदा उन्हाळ्यापर्यंतही टिकणार नाही, हे सांगायला ऑफिसातल्या मुंगीची गरज नव्हती.

आणि गप्प बसलं तर?

हा विचार तिने केला नाही. तो आपणहून आला आणि समोर पाय पसरून बसला. गप्प बसलं तर चारला खोटा आकडा जाईल. बाजार उतरेल. भाऊ उद्या-परवा स्वस्तात वर्षभराची साखर भरेल आणि म्हणेल, ताई सांगायची ते खोटं निघत नाही. पुढच्या तिमाहीत हळूच आकडा दुरुस्त करता येईल. कुणाला कळणार? तात्या तर बोलायचे नाहीत. भल्या माणसाचं तोंड बंद ठेवायला फार काही करावं लागत नाही, त्याला फक्त लाज वाटली की पुरतं.

तिला बसवेना. ती पाणी प्यायला म्हणून बाहेर आली. जिन्यापाशी रखवालदार बसला होता, त्याच्या मांडीशी फोनांची पेटी, आणि टेबलावर एक जुना वायरचा फोन. तो फक्त घरच्या दुखण्याखुपण्यासाठी. रखवालदाराने तिचा चेहरा पाहिला.

"बाई, लेकीला पुन्हा ताप आला का?" असं म्हणून त्याने बिचाऱ्याने फोन स्वतःच तिच्याकडे सरकवला. "करा, करा. माझी काही हरकत नाही."

तिने रिसीव्हर उचलला. भावाचा नंबर तिला पाठ होता. जास्त काही बोलायचंच नव्हतं. 'घेऊन टाक,' एवढे दोन शब्द. भाऊ का म्हणूनही विचारणार नाही. तिने निम्मा नंबर फिरवला.

मग तिचं बोट थांबलं. त्या दोन शब्दांच्या दुसऱ्या टोकाला साखरवाला होता, जो आपण काय गमावतोय हे न कळता आजच्या भावात साखर देऊन बसला असता. गल्लोगल्ली दुसरे गोळ्यावाले होते, ज्यांची कुणाची ताई या ऑफिसात नव्हती. हे सगळं तिच्या मनात आलं खरं. पण नोकरी जाईल, चौकशी बसेल, लोक बोटं दाखवतील, हेही आलं, आणि तेही तितक्याच जोरात. त्यात तत्त्व किती आणि भीती किती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. आयुष्यभर टनांचे हिशेब केलेल्या बाईला एवढी साधी वाटणी जमेना.

तिने रिसीव्हर ठेवला.

"लागत नाही का?" रखवालदाराने विचारलं.

"राहू दे," ती म्हणाली, आणि तडक साहेबांच्या खोलीत गेली. आणखी थोडा वेळ थांबलो तर आपण जाणारच नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी दार लावून घेतलं.

"आत्ता? जाहीर व्हायच्या दिवशी?" ते म्हणाले. "अहो, सगळीकडे कुणकुण पोहोचलीय की साखर उरणार. आता आपण उलटं सांगायचं? लोक म्हणतील यांना बेरीज येत नाही."

"बेरीज येते, साहेब. गुणाकार जास्त झाला."

"थट्टा नको." साहेब खुर्चीत टेकले. "हे बघा, झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढच्या वेळी हळूच दहा-दहा लाखांनी खाली आणू. हवामान बिघडलं म्हणू. हवामान काय, नेहमीच बिघडतं."

"आणि मधल्या तीन महिन्यांत लोक ज्या साखरेच्या भरवशावर बसतील, ती येणार कुठून?"

"कोण लोक?"

मुंगीच्या ओठांवर 'माझा भाऊ' आलं होतं. ते तिने गिळलं. "लहान लोक. गोळ्यावाले, पाववाले. साखर स्वस्त होणार म्हणून आज न घेणारे."

"त्यांची काळजी तुम्हाला का?" साहेब जरा चिडले. "आकडा हा असा गेला काय नि तसा गेला काय, तुमच्या घरचं काय जातंय?"

तिच्या घरचं काय जातंय हे त्या खोलीत तिला एकटीलाच माहीत होतं, आणि ते जाऊ द्या म्हणून भांडायलाही तीच उभी होती. असं विचित्र भांडण तिने जन्मात केलं नव्हतं. मनातून तिला वाटत होतं, साहेबांनी ठाम नाही म्हणावं. मग आपण प्रयत्न केला असं म्हणता येईल आणि भाऊही वाचेल. पण तोंड मात्र तिचं ऐकत नव्हतं.

"साहेब, साखरेला उसाने भागायला आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाला येत नाही का?" ती म्हणाली. "उद्या कुणीतरी भागेल. मग बेरीज येत नाही असं म्हणणार नाहीत. मुद्दाम केलं म्हणतील."

हे साहेबांना लागलं. तेवढ्यात दार ढकलून तात्या आत आले. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "तसंच लिहा. पण खरा आकडा जाऊ द्या. हे पाप घेऊन मला घरी बसायचं नाही."

साहेबांनी दोघांकडे पाहिलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "बदला."

पुढचे काही तास कसे गेले ते मुंगीला नीट आठवत नाही. एक आकडा बदलला की त्यावर उभे असलेले दहा बदलतात. तक्ते बदलले, आलेख बदलले, नव्या वाणाचं ते सुरेख अर्धं पान तिने स्वतःच्या हाताने पुसलं. तात्या शेजारी बसून प्रत्येक बेरीज मोठ्याने म्हणत होते, शाळेतल्यासारखी. मध्येच ती घड्याळाकडे बघायची आणि तिच्या मनात यायचं, अजून वेळ आहे. कदाचित भावजयीने हट्ट धरला असेल. कदाचित भाऊ आपणहून घाबरला असेल. माणूस घाबरतो की कधीकधी, कुणी न सांगता. देवा, त्याला घाबरव, असं ती चक्क मनात म्हणाली.

चारला आकडा गेला. जगात यंदा दहा लाख टन साखर कमी पडणार. भिंतीवरच्या पडद्यावर साखरेच्या दराची रेघ क्षणभर थांबली, आणि मग उभीच्या उभी वर गेली. खोलीत कुणीतरी शीळ घातली. मुंगी रखवालदाराकडे धावली.

पेटीतून फोन हातात आला तेव्हा त्यावर भावाचा एकच निरोप होता. दुपारच्या जेवणाच्या सुमाराचा. 'ताई, साखरवाल्याचा फोन आला होता. शेवटचं विचारतो म्हणाला. नको म्हणून सांगून टाकलं. तू म्हणालीस म्हणून.'

सकाळी तिने रिसीव्हर ठेवला, त्यानंतरचा निरोप. त्या वेळी ती तक्ते बदलत बसली होती. ती तिथेच जिन्याच्या पायरीवर बसली, आणि रखवालदार म्हणाला, "ताप उतरला का?" तर तिला हसूही येईना नि रडूही.

फोन करायचा तिला धीर झाला नाही. ती तशीच गल्लीत गेली. लांबूनच लिंबाचा वास येत होता. पुढच्या खोलीत भाऊ संगमरवरी फरशीवर ओतलेल्या गरम साखरेची वळी करून कापत होता. हे काम भराभर करावं लागतं. साखर एकदा थंड झाली की सुरी चालत नाही. भावजय कोपऱ्यात गोळ्यांना कागद गुंडाळत होती. एरवी ती 'ताई' म्हणायची. रागावली की 'वन्सं' म्हणायची.

"या वन्सं," भावजय म्हणाली.

"कळलं ना गं?" भाऊ मान वर न करता म्हणाला. आवाजात उसनं हसू होतं. "साखरवाला म्हणाला, दुपारचा भाव विसरा. मी म्हटलं, दुपारी तर तुम्ही पाया पडत होतात. तर म्हणतो, दुपार गेली."

"माझी चूक झाली," मुंगी म्हणाली. "एकच साखर आम्ही दोनदा मोजली. मी आणि तात्यांनी. मी बघायला हवं होतं."

"असू दे गं." तो सुरी चालवतच होता. "माझी गेल्या वर्षी अख्खी कढई करपली होती, विसरलीस? माणूस म्हटलं की चुकतं. बघू काहीतरी. त्या दुकानवाल्याच्या हातापाया पडतो. तुला तरी आधी कुठे माहीत होतं?"

इथे ती गप्प राहिली असती तर सगळं निभावलं असतं. भावाने स्वतःच तिला वाट करून दिली होती. भाऊ म्हणूनच दिली होती.

"माहीत होतं," ती म्हणाली. "सकाळीच कळलं."

सुरी थांबली.

"सकाळी?" भाऊ म्हणाला. मग घाईघाईने, जणू तिच्या वतीने, "पण फोन तर तुमचे पेटीत असतात. तू काय करणार!"

"बाहेर रखवालदाराच्या टेबलावर एक फोन होता. मी उचलला. तुझा नंबर फिरवायला घेतला. निम्मा फिरवला आणि ठेवला."

कोपऱ्यातला कागदांचा आवाज बंद झाला. "म्हणजे जगासाठी खरं बोललात वन्सं," भावजय म्हणाली, "आणि आमच्या दारात येईतो तोंड मिटून बसलात." तिचे डोळे भरून आले होते. "निम्मी तरी घेऊ म्हटलं होतं मी. निम्मी."



"नोकरी गेली असती?" भावाने विचारलं.

"गेली असती. पण नुसतं तेवढंच नव्हतं. तुझ्या साखरवाल्याला फसवल्यासारखं झालं असतं. बाकीच्यांना कुणी सांगणारं नव्हतं. आणि मला भीती वाटली रे. यातलं खरं कारण कुठलं, ते मला अजून कळत नाहीये."

भावाने खाली पाहिलं. फरशीवरची साखर एव्हाना काचेसारखी कडक झाली होती. इतक्या वर्षांत त्याने असा माल थंड होऊ दिला नव्हता. त्याने सुरीच्या मुठीने त्यावर एक ठोका दिला, तुकडे केले आणि ते पुन्हा कढईत टाकले. जाळ मोठा केला. बराच वेळ तो कढईत बघत उभा होता, पाठमोरा. मुंगीला वाटलं, आता हा आपल्याला जा म्हणणार. म्हणाला असता तर ती गेलीही असती, आणि पुन्हा या खोलीत कशी आली असती कोण जाणे.

तो वळला.

"बरं," तो म्हणाला. "आता एवढं सांग. आहे त्या भावात थोडी तरी घेऊ, की थांबू? अजून चढेल का?"

भावजयही बघायला लागली. दोघंही तिच्याच तोंडाकडे बघत होती, इतकं होऊनही. मुंगीच्या जिभेवर उत्तर तयार होतं. कुठे पाऊस कमी, कोणत्या बंदरात साठा किती, गेल्या तुटवड्यात भाव किती आठवडे चढत राहिला. कारणं एकामागून एक हात जोडून उभी होती, आणि सगळी सुरेख होती. तिने तोंड उघडलं.

"मला माहीत नाही रे," ती म्हणाली. "चढेलही. उतरेलही. खरं तर कुणालाच माहीत नसतं."

भाऊ तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं.

"हे त्या रविवारी म्हणाली असतीस ना, ताई," तो म्हणाला, "तर मी दुसऱ्याच दिवशी साखर घेऊन टाकली असती."